अमेरिकेत हॉस्पिटल फार्मसीची रेसिडेन्सी : पात्रता, कागदपत्रं आणि मॅच

रेसिडेन्सीबद्दल विचारणारे बहुतेक जण आधी अर्जाची शेवटची तारीख विचारतात. मी त्यांना आधी पात्रता तपासायला सांगते. तारीख चुकली तर एक वर्ष जातं. पात्रतेत अडकलात तर त्याहून जास्त.

पीजीवाय १ ही पदवीनंतरची बारा महिन्यांची पगारी रेसिडेन्सी. डॉक्टरांबरोबर राउंड घ्यायचे, रुग्णाच्या किडनीच्या कामानुसार अँटिबायोटिकचा डोस बदलायला सुचवायचं, सुट्टीच्या दिवशीही फार्मसीत ड्यूटी करायची आणि वर्षभर एक संशोधन प्रकल्प चालवायचा. पीजीवाय २ म्हणजे त्यानंतरचं आणखी एक वर्ष, एकाच विषयात : कॅन्सर, आयसीयू, संसर्गजन्य आजार, अवयव प्रत्यारोपण वगैरे. फार्मासिस्टच्या परवान्यासाठी यातलं काहीच सक्तीचं नाही. पण मोठ्या हॉस्पिटलांतल्या क्लिनिकल जागांच्या जाहिरातीत रेसिडेन्सीची अपेक्षा हमखास दिसते. या कार्यक्रमांना मान्यता देते ती एएसएचपी ही तिथल्या हॉस्पिटल फार्मासिस्टांची संघटना.

आता पात्रता. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कॉलेजची फार्म.डी. (फार्मसीतली डॉक्टर पदवी) असेल तर प्रश्नच नाही. भारतात शिकलेल्यांना एनएबीपी या अमेरिकेतल्या राज्यांच्या फार्मसी मंडळांच्या संस्थेचं एफपीजीईसी प्रमाणपत्र लागतं, म्हणजे परदेशी फार्मसी पदवीधरांसाठीचं प्रमाणपत्र. त्यासाठी पदवीची तपासणी, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा आणि एफपीजीईई ही फार्मसीच्या ज्ञानाची परीक्षा. इथला सगळ्यात कठोर नियम असा, की १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांचा फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असला पाहिजे. आपली बी.फार्म. चार वर्षांची, म्हणजे ती एकटी पुरत नाही. सहा वर्षांची फार्म.डी. कालावधीच्या अटीत बसते. एकाही परीक्षेची फी भरण्याआधी हे नीट पाहून घ्या.

नावाचंही तसंच. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नानंतर तिसरंच काही, अशी अवस्था असेल तर सगळे कागद आधी एका नावावर आणा. परीक्षा केंद्रावर ओळखपत्रावरचं आणि नोंदणीतलं नाव जुळावंच लागतं.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे परवाना मिळाला असं नाही. त्यासाठी त्या त्या राज्याने ठरवलेले इंटर्नशिपचे तास, नॅपलेक्स ही परीक्षा आणि बहुतेक राज्यांत औषध कायद्याची वेगळी परीक्षा असते. रेसिडेन्सी सुरू झाल्यापासून १२० दिवसांत परवाना हातात असावा लागतो. त्यामुळे तासांचं काम शेवटावर ढकलू नका. व्हिसाला पाठिंबा देणार की नाही, हे प्रत्येक हॉस्पिटल स्वतः ठरवतं. अर्ज करण्याआधीच तिथल्या रेसिडेन्सी संचालकांना ईमेल करून स्पष्ट विचारा. त्यात संकोच कसला?

अर्ज फोरकॅस या पोर्टलवरून जातो. ते साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतं आणि बऱ्याच कार्यक्रमांची मुदत डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीला संपते. सीव्ही, गुणपत्रकं, सहसा तीन शिफारशी आणि प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं पत्र. हे पत्र खरंच वेगळं लिहा. हॉस्पिटलचं नाव तेवढं बदलून तेच पत्र सगळीकडे पाठवलं, तर वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतं. शिफारस मोठ्या पदावरच्या माणसापेक्षा तुम्हाला वॉर्डात काम करताना पाहिलेल्या माणसाची घ्या.

मॅच म्हणजे उमेदवार आणि हॉस्पिटलं यांच्या पसंतीच्या याद्या संगणकाने जुळवून जागा ठरवण्याची पद्धत. पोर्टलवर अर्ज केला म्हणजे मॅचमध्ये नाव आलं, असा समज करून घेऊ नका. मॅचची नोंदणी नॅशनल मॅचिंग सर्व्हिसेसकडे स्वतंत्र करावी लागते.

मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत. मग मार्चच्या सुरुवातीला तुम्ही तुमच्या पसंतीची क्रमवार यादी देता, हॉस्पिटलं त्यांची देतात. या यादीबद्दल मला कळकळीने सांगावंसं वाटतं : जिथे मनापासून जायचंय ते पहिलं लिहा. ‘तिथे माझा नंबर लागणार नाही, मग खात्रीचं वर टाकू’ हा हिशेब इथे चुकतो. संगणक तुमच्या पहिल्या पसंतीपासून सुरुवात करतो. तिथे जागा नसेल तर दुसरीकडे वळतो. अवघड जागा वर लिहिल्याने खालच्या जागेची तुमची संधी तसूभरही कमी होत नाही. फक्त जिथे जायचंच नाही ते नाव यादीत घालू नका, कारण निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो.

निकाल मार्चच्या मध्यात लागतो. जागा मिळाली नाही तर लगेच दुसरी फेरी असते, तिचा निकाल एप्रिलमध्ये. त्यातही उरलेल्या जागा ‘स्क्रॅम्बल’मध्ये, म्हणजे मॅच संपल्यावरच्या धावपळीत, भरल्या जातात. तेव्हा सीव्ही आणि पत्रांचा मसुदा मार्चमध्येही तयार ठेवा. पहिल्या निकालानंतर हाताशी फार थोडे दिवस असतात.