एक्स-रेत दिसलेली प्रत्येक पोकळी गॅसची नसते

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या डाय कास्टिंगवाल्यांचे (डायमध्ये, म्हणजे धातूच्या साच्यात, वितळलेलं ॲल्युमिनियम घालून पार्ट बनवणाऱ्यांचे) 8डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय कस्टमरला कळवणारे अहवाल, चाळा. दोष कुठलाही असो, उपाय ठरलेला: "डिगॅसिंगचा वेळ वाढवला." म्हणजे वितळलेल्या धातूतला गॅस काढायला जास्त वेळ दिला. पुढच्या लॉटला तेच रिजेक्शन, लीक टेस्टला तेच रडगाणं, रिपोर्टवर तारीख तेवढी नवी. कारण एक्स-रेत दिसला तो गॅस नव्हताच, श्रिंकेज होतं, म्हणजे धातू गोठताना आकसून राहिलेली पोकळी.

गॅस सगळ्यांना पाठ आहे. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळतो, धातू गोठताना तो मावेनासा होतो आणि बुडबुडे होऊन अडकतो. प्रेशर डाय कास्टिंगमध्ये त्याहून जास्त त्रास स्लीव्हमधून (धातू दाबाने डायमध्ये ढकलणाऱ्या नळीतून) आत ढकलल्या गेलेल्या हवेचा आणि डायवरच्या स्प्रेच्या वाफेचा. श्रिंकेजला मात्र गॅस लागतच नाही. शुद्ध ॲल्युमिनियम गोठताना आकारमानाने 6 ते 7 टक्के आकसतं. सिलिकॉन असला की थोडं कमी. जाड बॉस (पार्टवरचा जाड उंचवटा, बहुधा स्क्रू बसवायचा) सगळ्यात शेवटी गोठतो. तोवर गेट, म्हणजे धातू आत यायची वाट, गोठून बसलेलं असतं, नवा धातू पोहोचत नाही, आत पोकळी राहते.

फिल्मवर पोकळी काळी आणि लाइव्ह स्क्रीनवर बहुधा उजळ दिसते. दोन दिवसांत सवय होते, पुढे चला.

खरा घोळ आकारावरून होतो. शिकवलेलं असतं की गोल, स्वच्छ कडा म्हणजे गॅस आणि फाटक्या कडांचा पुसट ढग म्हणजे श्रिंकेज. खोटं नाही, पण एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. जाड बॉसमध्ये एकामागे एक असलेले बारीक बुडबुडे स्क्रीनवर एकमेकांवर चढतात आणि त्यांचाही ढगच दिसतो. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा एक तिरका फोटो टाकून "सर, हे काय आहे?" विचारणाऱ्यांनी आधी पीस 90 अंशांत फिरवून दुसरं चित्र घ्यावं.

माझं विचाराल तर आकारापेक्षा जागा बघा. एकाच कॅव्हिटीचे (डायमधल्या एकाच खाचेतून निघालेले) लागोपाठचे पाच-सहा पीस घाला. डाग दर वेळी त्याच बॉसच्या पोटात किंवा त्याच रिबच्या (मजबुतीसाठी दिलेल्या पट्टीच्या) सांध्यात असेल तर श्रिंकेज. एकात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, तिसऱ्यात नाहीच, असा भटकत असेल तर गॅस. फसवणारी जागा एकच: डायचा जो कोपरा शेवटी भरतो, तिथे हवाही दर शॉटला येऊन अडकते. तिथे पीस कापाच. गॅसच्या पोकळीची भिंत गुळगुळीत, बऱ्याचदा चकचकीत. श्रिंकेजची खरखरीत, आणि भिंगाखाली बारीक फांद्या फुटल्यासारखे दाणे दिसतात.

ही खटपट करायची कारण दोघांचे उपाय वेगळे. श्रिंकेजसाठी इंटेन्सिफिकेशन प्रेशर (डाय भरल्यावर धातूवर दिलेला वाढीव दाब), गेटची जाडी, बॉसजवळचं कूलिंग बघावं लागतं. ग्रॅव्हिटी कास्टिंगमध्ये (जिथे धातू दाबाशिवाय, स्वतःच्या वजनाने साचा भरतो) तर अति डिगॅसिंग अंगाशी येऊ शकतं: थोडा हायड्रोजन असला की आकसणं बारीक होऊन विखुरतं, तो काढून टाकला की तेच एका जागी मोठं होऊन बसतं.

आणि ड्रॉइंगवर नुसतं "पोरोसिटी नको" (आत पोकळी नको) लिहिणाऱ्या कस्टमरकडून एएसटीएम ई505 ची (डाय कास्टिंगच्या एक्स-रे संदर्भचित्रांच्या अमेरिकी मानकाची) लेव्हल आणि पीसवरची जागा लिहूनच घ्या. त्यात पोरोसिटी (इथे अर्थ गॅसची पोकळी) आणि श्रिंकेजची संदर्भचित्रं वेगवेगळी आहेत. कुठलं लागू, हे ऑर्डर घेतानाच ठरवा, माल परत आल्यावर नाही.