घरच्या संगणकाला हार्ड डिस्क किती मोठी लागते? प्रश्नामागची पार्श्वभूमी

चवथीच्या आधी म्हापसा, फोंडा, मडगावच्या दुकानांत नवा संगणक घ्यायला आलेल्या माणसाला एका प्रश्नाशी थांबावेच लागते: एक टीबी (म्हणजे हजार जीबी) पुरेल, की आताच चार टीबी घालून घ्यावी? हा प्रश्न चाळीस वर्षे जुना आहे, आकडे तेवढे बदलत गेले. प्रत्येक वेळी उत्तर डिस्कच्या बाजारात शोधले गेले. ते खरे तर घरात होते: परत कुठूनही मिळणार नाही असे आपल्याकडे किती आहे?

आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तिची क्षमता ४ एमबीपेक्षा कमी होती. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो तेवढी जागा घेतो. सीगेटची ५ एमबीची सव्वापाच इंची डिस्क १९८० ची आणि आयबीएमच्या पीसी एक्सटीतली १० एमबीची १९८३ ची. त्या काळी एका अक्षराला एक बाइट लागायचा, म्हणजे टाइप केलेले पान साधारण २ केबीचे. १० एमबीत अशी पाच हजार पाने मावत. घरात लिहिणारा कितीही हौशी असला तरी ती भरणे अवघडच होते. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात, तरी नुसत्या मजकुराने आजवर कोणाची डिस्क भरलेली नाही.

मोठी डिस्क घेतली म्हणजे ती पूर्ण वापरता येतेच, असेही नव्हते. विंडोजच्या आधीच्या जुन्या डॉस प्रणालीला ३२ एमबीपलीकडचा विभाग करता येत नसे. मग संगणक सुरू करणाऱ्या बायोस या मूळ प्रोग्रामची ५२८ एमबीची भिंत आली, फाइलींची नोंद ठेवण्याच्या फॅट१६ या पद्धतीची २ जीबीची, आणि पुढे १३७ जीबीची. १६० जीबीची डिस्क आणून जुन्या मदरबोर्डवर लावली की विंडोज १२८ च दाखवायची (१३७ चे तिच्या मोजणीत १२८ होतात) आणि दुकानदाराशी वाद व्हायचा. दोष डिस्कचा नसे. पत्ता लिहायला २८ बिटच असल्याने त्यापुढचे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, संगणकाला मोजताच येत नसत. विंडोज एक्सपीला २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ४८ बिटांचे पत्ते नीट कळू लागले. तोच प्रकार २.२ टीबीवर पुन्हा झाला आणि तो अजून संपलेला नाही. ३ टीबीची डिस्क जुन्या यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डब्यात) घातल्यावर ७४६ जीबीच दिसली, तर केस बदला. त्या अवस्थेत डिस्क फॉरमॅट करू नका.

घरची डिस्क पहिल्यांदा खरोखर भरली ती गाण्यांनी आणि व्हिडिओने. १२८ केबीपीएसच्या एमपी३ ला मिनिटाला एक एमबी लागतो, म्हणजे पाच मिनिटांचा अभंग ५ एमबीचा. तो डायलअपवर उतरवायला सगळे सुरळीत चालले तरी पंधरा-वीस मिनिटे जात आणि मध्येच लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या कष्टाने मिळालेली फाइल कोण पुसणार? ‘मिळाले ते साठवून ठेव’ ही सवय तिथली आहे आणि त्या काळी ती शहाणपणाचीच होती. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोहोचले, तेव्हा ही सवयही त्यांच्याबरोबर घरोघर गेली.

व्हिडिओचे गणित आणखी जड होते. मिनी डीव्ही कॅसेटमधला एक तास डिस्कवर उतरवला की १३ जीबी. त्या वेळच्या ४० जीबीच्या डिस्कवर तीन तासही धड मावत नसत आणि संपादनाला वेगळी जागा लागे. म्हणून जत्रेचे नाटक, मुंज, लग्न एकदा व्हीसीडी किंवा डीव्हीडीवर कोरले की मूळ फाइल पुसली जायची. आज त्या घरांकडे चकती उरली आहे, तीही अनेकदा ओरखडलेली, आणि कपाटात मूळ कॅसेट. गोव्यातल्या दमटपणात कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी फीत प्लेअरमध्ये घातली तर हेड घाण होते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटही खराब होतात, म्हणून आधी झडप उघडून फीत उजेडात पाहावी. मिनी डीव्ही उतरवायला फायरवायर पोर्ट लागते आणि एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो. वीस कॅसेट म्हणजे २६० जीबी. मोठ्या डिस्कचे याहून योग्य कारण आम्हाला दुसरे दिसत नाही.

हिताचीने २००७ मध्ये पहिली १ टीबीची डिस्क आणली आणि जागेची टंचाई संपल्यासारखे वाटले. २०११ च्या अखेरीस थायलंडच्या पुरात डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, भाव जगभर दुपटीच्या आसपास चढले आणि ते उतरायला बराच काळ लागला.

त्यानंतर एक उलटी गोष्ट घडली. फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी एसएसडी आली आणि ५०० जीबीची जुनी डिस्क काढून लोकांनी २५६ जीबीची एसएसडी बसवली. क्षमता निम्मी झाली, तरी संगणक दोन मिनिटांऐवजी पंधरा-वीस सेकंदांत सुरू होऊ लागल्याने कोणी तक्रार केली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि गाणी, सिनेमे साठवण्याचे कारणच गेले. फोटोही गूगलकडे फुकट राहू लागले. १ जून २०२१ पासून ती अमर्याद सोय बंद झाली, सगळे मिळून १५ जीबी फुकट उरले, आणि हार्ड डिस्कची विचारपूस पुन्हा सुरू झाली.

आता हिशेब करू. ४के व्हिडिओला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘हाय एफिशियन्सी’ बंद असेल तर तेच ३५० एमबी, म्हणून हे सेटिंग आधी पाहा. पाच दिवसांच्या चवथीत माटोळी बांधण्यापासून घुमटआरती आणि विसर्जनापर्यंत दीड तास चित्रीकरण केले तर १५ जीबी आणि हजार फोटोंचे ४ जीबी. असे पाच प्रसंग धरले तर वर्षाला १०० जीबी, दहा वर्षांना १ टीबी. बहुतेक कुटुंबे याच्या निम्म्यावरच राहतात. विंडोज आणि रोजच्या कामाला ५१२ जीबीची एसएसडी भरपूर होते, फक्त तिच्यातली दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी. मोठे गेम खेळणारा मुलगा घरात असेल तर १ टीबी घ्या, कारण आता एकेक गेम १०० जीबीच्या पुढे जातो. लग्नाचे चित्रीकरण हा ज्याचा धंदा आहे, त्याचे गणित अर्थातच वेगळे.

त्यामुळे ८ टीबीची एक डिस्क घेण्यापेक्षा २ टीबीच्या दोन घ्याव्यात आणि दोन्हींवर तेच ठेवावे, असे आम्ही ठामपणे सांगतो. एकाच डिस्कवर सगळे ठेवले की ती गेली त्या दिवशी सगळे जाते. शिवाय मोठी डिस्क भरायला आणि तपासायला वेळ लागतो. सेकंदाला १२० एमबीच्या वेगाने १ टीबी उतरवायला सव्वादोन तास लागतात, ८ टीबीला साडेअठरा. एवढा वेळ वीज न जाता जाईल, याची पावसाळ्यात खात्री कोण देईल?

प्रत्यक्षात वेग तेवढाही राहत नाही. अडीच इंची पोर्टेबल डिस्क आणि घरगुती साडेतीन इंचीतल्या अनेक डिस्क आता एकावर एक चढलेल्या पट्ट्यांत लिहितात. छपरावरची मंगळुरी कौले डोळ्यांसमोर आणा. मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली आधी उचलावी लागतात. या डिस्कमध्येही एका पट्टीतला मजकूर बदलताना शेजारच्या पट्ट्या वाचून पुन्हा लिहाव्या लागतात. पहिले काही जीबी झपाट्याने जातात, राखीव जागा भरली की वेग २०-३० एमबीवर येतो आणि माणसाला वाटते डिस्क बिघडली. केबल ओढून काढू नका. डिस्कला तासभर स्वस्थ राहू द्या, वेग परत येतो. फोटो एकदा ठेवून पुन्हा न हलवण्यासाठी ही डिस्क चालते, विंडोज टाकण्यासाठी नाही.

गोव्यात डिस्क मरते ती क्षमतेमुळे नव्हे. मे-जून आणि ऑक्टोबरातल्या विजा, जांभ्या खडकात नीट न मिळणारे अर्थिंग आणि खारी दमट हवा ही खरी कारणे. साडेतीन इंची डिस्कच्या खालचा हिरवा सर्किट बोर्ड उघडला तर आतल्या बाजूला छोटे चकचकीत ठिपके दिसतात. मोटर आणि हेडकडून येणाऱ्या पिना तिथे टेकतात. दमट हवेत हे ठिपके काळे पडतात, जोड अर्धवट लागतो आणि डिस्क कधी दिसते, कधी गायब होते. सहा टोकांच्या टॉर्क्स स्क्रूड्रायव्हरने बोर्ड काढून ठिपके पेन्सिलच्या खोडरबरने हलके पुसले, चुरा झटकला आणि बोर्ड परत बसवला की अशा अनेक डिस्क पुन्हा चालतात. तबकड्यांचे झाकण मात्र उघडायचे नाही. आणि डिस्क टक-टक आवाज करत असेल तर हा उपाय करत बसू नका, वीज काढा आणि ती डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात. ती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा, शून्याच्या वर गेला की त्याच दिवशी प्रत काढायला घ्यावी. दुसरी डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, शक्यतो दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा काकांकडे ठेवावी. तीन महिन्यांनी एकदा ती लावून नवे फोटो घालावेत, चार-पाच जुन्या फाइल उघडून पाहाव्यात आणि पुड्या बदलाव्यात. नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो आक्रसलेला असतो, म्हणून चवथीला सगळे एकत्र जमतील तेव्हाच ज्याच्या मोबाइलवर मूळ फोटो आहे त्याच्याकडून केबलने तो उतरवून घ्यावा.