लॅटिन धातूंवरून इंग्रजी शब्दसंग्रह

इंग्रजीतील अवघड, विशेषतः ग्रांथिक शब्द एकेक सुटे पाठ न करता, त्यांतील लॅटिन धातू, उपसर्ग आणि प्रत्यय वेगळे करून अर्थ लावण्याची ही अभ्यासपद्धती आहे. पुण्यातील शिकवणी वर्गांत ती ‘रूट वर्ड्स’ या नावानेच ओळखली जाते. परदेशी शिक्षणासाठी जीआरई ही प्रवेशपरीक्षा देणारे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी ती प्रामुख्याने वापरतात. मराठी विद्यार्थ्याला ही पद्धत नवी म्हणून शिकवली जात असली, तरी आठवीपासून संस्कृत घेतलेल्याने तिचा निम्मा भाग आधीच गिरवलेला असतो, आणि वर्गांत नेमके तेवढेच सांगायचे राहून जाते.

इंग्रजी मूळची जर्मॅनिक कुळातील भाषा. 1066 मध्ये नॉर्मन राजवट आल्यानंतर फ्रेंचमार्गे आणि पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांच्या लेखनातून थेट लॅटिनमधून तिच्यात शब्दांची मोठी भर पडली. त्यामुळे ‘राजाचा, राजाला शोभणारा’ या अर्थी तिच्याकडे किंगली, रॉयल आणि रीगल असे तीन शब्द जमले. पहिला घरचा आहे. उरलेले दोन्ही एकाच लॅटिन शब्दाचे असून रॉयल फ्रेंचांच्या तोंडी झिजून आला, तर रीगल जवळजवळ तसाच उचलला गेला. आपल्या व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर रीगल तत्सम आणि रॉयल तद्भव; आपल्याकडे ‘कर्ण’ आणि ‘कान’ एकत्र नांदतात, तसेच हे.

धातू शब्दात कसा दिसतो, याचा नमुना पुणे जंक्शनच्या पाटीवरच आहे. जंक्शन हा शब्द ‘जोडणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘युंगेरे’ धातूचा असून तो आणि संस्कृत ‘युज्’ एकाच मूळ भाषेतून आलेले आहेत. युज् पासून जसे ‘युक्त’, तसे युंगेरे पासून ‘युंक्टुस’. लॅटिनमधील आरंभीचा य फ्रेंचमार्गे इंग्रजीत येताना ज झाला, आणि मराठीनेही स्वतंत्रपणे तेच केले: यात्रेची जत्रा झाली, ‘युग’ म्हणजे बैलांच्या मानेवरचे जोखड, त्याचे ‘जू’ झाले. लॅटिनमध्ये या जुवाला ‘युगुम’ म्हणतात. सबज्युगेट म्हणजे अंकित करणे. त्यातील ‘सब’ म्हणजे खाली, तेव्हा शब्दशः ‘जुवाखाली आणणे’. हा शब्द एकदा असा उलगडला की यादीतून पुन्हा घोकावा लागत नाही.

अशा सगोत्र जोड्या पुष्कळ आहेत. वाहून नेणे या अर्थाचा ‘फेर्रे’ आणि ‘भृ’, पाहणे-जाणणे या अर्थाचा ‘विदेरे’ आणि ‘विद्’, उभे राहणे या अर्थाचा ‘स्तारे’ आणि ‘स्था’ ही त्यांतील ठळक उदाहरणे. ‘क्रेदेरे’, म्हणजे विश्वास ठेवणे, आणि ‘श्रद्धा’ यांचेही मूळ एकच आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य योगायोगाचे असू शकत नाही, हे सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यातील एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात मांडले होते.

तथापि विद्यार्थ्याला सगोत्रतेपेक्षा रचनेतील साम्य अधिक उपयोगी पडते. ‘फेकणे’ या अर्थाचा लॅटिन ‘याकेरे’ इंग्रजीत ‘जेक्ट’ या रूपाने येतो. त्याचा संस्कृत ‘क्षिप्’शी उगमाचा संबंध नाही, पण दोघांची कुटुंबे शेजारीशेजारी ठेवून पाहावीत: प्रोजेक्टाइल म्हणजे पुढे फेकलेले, आपले प्रक्षेपास्त्र, ऑब्जेक्शन म्हणजे समोर टाकलेली अडचण, आपला आक्षेप. मात्र पुढच्याच पायरीवर ही जुळणी फसते. ‘कॉन’ म्हणजे ‘सम्’, म्हणून कंजेक्चर म्हणजे संक्षेप, असे कोणी लिहिले तर गुण जातील, कारण कंजेक्चर म्हणजे तर्क, अटकळ. एकत्र टाकलेल्या गोष्टींवरून लॅटिनने अंदाज बांधला आणि संस्कृताने त्या आवळून थोडक्यात सांगितल्या. प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार हे सारे एकाच ‘हृ’ धातूचे आहेत, हे ज्याने शिकले आहे, त्याला या फसगतीचे नवल वाटू नये. धातू अर्थाची दिशा दाखवतो, नेमका अर्थ वाक्यच ठरवते.

उपसर्गांची रूपेही बदलतात. नकारार्थी ‘इन’ हा ल पुढे ‘इल’, र पुढे ‘इर’ आणि प, ब, म यांपुढे ‘इम’ होतो. इल्लीगल, इर्रेग्युलर, इम्पॉसिबल हे त्याचे नमुने. उत् आणि लेख मिळून ‘उल्लेख’ होतो, तोच हा व्यवहार, आणि म्हणूनच इल्लीगलच्या स्पेलिंगमध्ये एल दोनदा का, हे संधी शिकलेल्याला सांगावे लागत नाही.

पुण्यात या अभ्यासाला जुनी पार्श्वभूमी आहे. विश्रामबागवाड्यात 1821 मध्ये सुरू झालेली संस्कृत पाठशाळा 1851 मध्ये इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पूना कॉलेज झाले आणि त्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज घडले. वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश 1890 मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यात क्षिप् हा धातू काढला की त्याखालीच उपसर्गांसह त्याची रूपे ओळीने मिळतात. लॅटिन धातूंची वही घालायची असेल, तर अप्पा बळवंत चौकातल्या तयार याद्यांपेक्षा या पानाची मांडणी पुढे ठेवावी. त्या याद्या वर्णानुक्रमाने लावलेल्या असतात आणि एकाच धातूची भावंडे त्यांत दहा पानांवर विखुरलेली सापडतात.

जीआरईमध्ये 2011 पर्यंत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांतील समान संबंध यांवर प्रश्न असत आणि सुट्या शब्दाची फोड तेथे थेट कामी येई. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून ते प्रश्न गेले आणि संदर्भ पाहून रिकाम्या जागा भरण्यावर भर आला. तेव्हापासून केवळ धातू येऊन भागत नाही.

पद्धतीतील खरा धोका दिसण्यावर विसंबण्याचा आहे. पेडेस्ट्रियनमधील ‘पेड’ लॅटिनमधील पायाचा, संस्कृत ‘पद्’चा सगोत्र, पीडियाट्रिशियनमधला मात्र ग्रीक, मुलाचा. मिनिएचरचा लहानपणाशी मुळात संबंध नव्हता. तो हस्तलिखिते रंगवण्याच्या ‘मिनिउम’ या शेंदरी रंगावरून आला आणि त्या हस्तलिखितांतील चित्रे लहान असत, म्हणून पुढे ‘छोटे’ हा अर्थ चिकटला. सिन्सिअर म्हणजे ‘मेण न लावलेले’, ही मूर्तिकारांची गोष्ट वर्गांत रंगवून सांगितली जाते. तिला पुरावा नाही, पण ती ऐकलेला विद्यार्थी तो शब्द सहसा विसरत नाही.