नव्वदला थरथरते, शंभरला थांबते

गणपतीत गावी गेलो होतो. शेतातल्या रस्त्याने गाडी चिखलातून काढली आणि मग ती चार दिवस अंगणात उभी राहिली. पुण्याला परतताना हायवेवर ८०पर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतर स्टिअरिंगला मुंग्या आल्यासारखं झालं आणि ९०ला डॅशबोर्डवरचा बाप्पाच नाचू लागला. शेजारी मावसभाऊ बसला होता. तो म्हणाला, "दादा, अजून थोडी दाब. शंभरच्या पुढे ही थरथर जाते." दाबली, आणि खरंच गेली.

हा सल्ला तुम्हालाही कधीतरी कुणीतरी दिला असेल. गंमत म्हणजे तो खोटा नाही. थरथर जाते, पण तिचं कारण जागच्या जागी राहतं आणि वेगाबरोबर जास्तच जोर धरतं.

हे बघायला गाडीची गरज नाही, घरातलं वॉशिंग मशीन पुरे. ओली चादर ड्रायरमध्ये एका बाजूला गोळा झाली, की वेग घेताना एका टप्प्यावर मशीन धडधडतं, जागा सोडून चालू लागतं आणि पूर्ण वेगात आलं की शांत होतं. बंद केलं की थांबता थांबता पुन्हा तोच टप्पा येतो, पुन्हा तीच धडधड. चादर मात्र सगळा वेळ एकाच बाजूला होती.

हा अनुनाद. प्रत्येक लवचीक वस्तूला डोलण्याचा स्वतःचा ठेका असतो, आणि बाहेरचे धक्के नेमके त्याच ठेक्यात बसले की डोलणं वाढत जातं. झोपाळ्याला झोका देताना आपण हेच करतो. मोटारीचं चाक आणि त्याला धरून ठेवणारे भाग मिळून सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा डोलू शकतात. आता हिशोब बघा. १५ इंची रिमवरच्या टायरचा घेर जेमतेम २ मीटर. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला जवळजवळ १३ फेऱ्या. ठेका जुळला! शंभरच्या पुढे फेऱ्या त्या ठेक्याच्या पुढे निघून जातात आणि स्टिअरिंग शांत होतं.

पण चाकाची जड बाजू बाहेर ओढतच असते, आणि ती ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. रिमच्या कडेला फक्त ३० ग्रॅम जास्तीचे असतील, तर ताशी ५० किलोमीटरला ती ओढ साधारण १ किलो वजनाइतकी भरते आणि १००ला साडेचार किलोच्या आसपास. तेवढा हिसका बेअरिंगला आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना सेकंदाला १४ वेळा बसतो. आपल्या हाताला कळत नाही, एवढाच फरक.

आमच्या गाडीत चादर नव्हती, चिखल होता. टायरवाल्याने पुढचं डावं चाक काढलं, रिमच्या आतल्या बाजूला स्क्रूड्रायव्हर घातला आणि वाळून कडक झालेली ढेकळं खरवडून काढली. त्यातलं मोठं ढेकूळ मी हट्टाने घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. २८ ग्रॅम! (बायकोने काट्यासकट मला बाहेर काढलं.) टायरवाल्याने बॅलन्सिंगही (चाकाचं वजन सगळ्या बाजूंनी सारखं करणं) करून दिलं आणि अलाइनमेंट करायचं का म्हणून विचारलं. ही दोन कामं वेगळी आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वाकडे झिजतात. ठराविक वेगाला येणाऱ्या थरथरीवर उपाय बहुतेक वेळा बॅलन्सिंगचाच असतो.

म्हणून गाडी थरथरली की पहिला प्रश्न "किती थरथरते" हा नाही, "कधी थरथरते" हा आहे. ठराविक वेगाला येते, त्याच्या खालीवर नसते आणि बरेच दिवस तशीच आहे, तर वेग कमी ठेवून गॅरेजपर्यंत जाता येतं. थरथर स्टिअरिंगला जाणवली तर दोष बहुधा पुढच्या चाकात, सीटखाली जाणवली तर मागच्या. गाडी उभी असताना इंजिन हादरत असेल, तर प्लग किंवा इंजिनचं माउंटिंग बघायला सांगावं.

फक्त ब्रेक मारतानाच स्टिअरिंग थरथरत असेल, तर ब्रेक डिस्कवर संशय घ्या. बोरघाट उतरताना गिअर वरचाच ठेवून सतत ब्रेक दाबला, की डिस्क भाजून निघते. मग खाली रांगेत पाय ब्रेकवरच ठेवून उभं राहिलं, की तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटू शकतो. डिस्कच्या जाडीत दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी हाताला जाणवतो. म्हणून घाटात खालचा गिअर.

एक थरथर मात्र चांगली. जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली कटकट करत थडथडलं, तर ते एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, काम करतंय. एप्रिल २०१९पासून देशात नव्या मोटारींना ते सक्तीचं आहे. घाबरून पाय उचलू नका, दाबूनच ठेवा.

आता ज्या थरथरीला थांबायलाच हवं ती. अचानक सुरू झाली, ३०-४०च्या वेगालाही आहे, वाढत चाललीय, सोबत खडखड किंवा थपथप आवाज आहे, गाडी एका बाजूला ओढतेय. इथे बहुधा एक तर खड्ड्यात आपटून टायरच्या आतले धागे तुटून फुगा आलेला असतो, नाहीतर चाकाचे नट सैल झालेले असतात. नटांचं काम रिमला हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं त्या मधल्या भागावर, घट्ट दाबून धरण्याचं. तो दाब गेला की रिम घसरू लागते, बोल्ट प्रत्येक फेरीला वाकतात आणि शेवटी तुटतात.

अशा वेळी कचकन ब्रेक मारायचा मोह होतो, तो आवरा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, एक्सलरेटरवरून पाय काढा, गाडीला आपोआप मंद होऊ द्या, डावा इंडिकेटर देत हळूहळू कडेला या. थांबल्यावर हॅझर्ड लाइट लावा आणि सगळ्यांना डाव्या दारांनी उतरवा. गाडीत बसून राहू नका, तिच्या मागेही उभं राहू नका. कठड्याच्या पलीकडे जा. एक्स्प्रेस-वेवर कडेला उभ्या गाडीला मागून ट्रक धडकल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्रिकोण ठेवायला जायचं तर कठड्याच्या पलीकडून चालत जा. उजवं चाक बदलायला रस्त्याच्या अंगाला बसावं लागतं, तेव्हा तो नाद सोडून टो व्हॅन बोलवा. मदतीसाठी ११२ आहेच.

डावं चाक असेल, जागा सपाट आणि मोकळी असेल, तर स्टेपनी लावा. नट ओळीने आवळू नका. एक आवळला की पुढचा समोरचा, म्हणजे रिम सरळ बसते. बऱ्याच मोटारींना साधारण १०० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे ४० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला २५ किलोचा जोर. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पान्यावर उभं राहून उड्या मारायची गरज नाही. मग ५०-१०० किलोमीटर गेल्यावर पेट्रोल पंपावर थांबून तेच नट पुन्हा एकदा आवळून बघा.