ग्राम रंजन: कृती १८८४ ची, कारण कळले फार उशिरा

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आधी जिवाणूची पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीचे आवरण, शिकवतात आणि मग प्रॅक्टिकलला ग्राम रंजन, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखण्याची पद्धत. प्रत्यक्षात रंग आधी सापडला आणि भित्तिका कशी असते ते बऱ्याच दशकांनी समजले. हा क्रम मुलांना आवर्जून सांगायला हवा, नाहीतर चार बाटल्यांची (व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रानिन) ती कृती नुसती पाठ होते.

१८५६ मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला आणि पुढे जर्मनीत कापडासाठी ॲनिलीन रंगांचे कारखाने उभे राहिले. तेच रंग वायगर्ट, कॉख आणि एर्लिक या जर्मन संशोधकांनी जिवाणूंवर वापरले. अडचण होती ती ऊतींच्या कापांची. जिवाणू आणि रोग्याच्या पेशींची केंद्रके, दोन्ही सारखीच रंगायची. त्यातून जिवाणू वेगळा ओळखायचा कसा?

बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडरकडे काम करणारा डॅनिश डॉक्टर हान्स क्रिश्चन ग्राम न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसांचे काप तपासत होता. त्याने एर्लिकच्या जेन्शियन व्हायोलेट या जांभळ्या रंगानंतर काप आयोडीनच्या द्रावणात बुडवला आणि मग अल्कोहोलने धुतला. केंद्रकांचा रंग उतरला, जिवाणू मात्र गडद जांभळे राहिले. त्याला हवे होते ते एवढेच. टायफॉइडच्या जिवाणूंचाही रंग उतरतो, हे त्याने १८८४ च्या लेखात नोंदवले. पण जिवाणूंचे दोन गट पाडायला तो निघालाच नव्हता. उलट आपली पद्धत सदोष आणि अपुरी आहे, असे त्याने त्याच लेखात लिहून ठेवले. मला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो, कारण ज्या जिवाणूंवर पद्धत फसली, तेच आजचे ग्राम-निगेटिव्ह, आणि जांभळा रंग धरून ठेवणारे ते ग्राम-पॉझिटिव्ह. रंग उतरलेले जिवाणूही दिसावेत म्हणून शेवटी द्यायचा सॅफ्रानिनसारखा गुलाबी प्रतिरंग नंतर इतरांनी जोडला.

न्यूमोनिया नेमका कोणत्या जिवाणूमुळे होतो, यावर तेव्हा फ्रीडलेंडर आणि आल्बर्ट फ्रँकेल यांचा वाद पेटला होता. दोघांच्या हाती वेगवेगळे जिवाणू होते: फ्रीडलेंडरचा आजचा क्लेब्सिएला, ग्राम-निगेटिव्ह, फ्रँकेलचा न्यूमोकॉकस, ग्राम-पॉझिटिव्ह.

पण एक रंग धरतो आणि दुसरा सोडतो, असे का? उत्तरासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. १९५० च्या दशकात मिल्टन सॉल्टन यांनी बारीक काचमण्यांबरोबर जिवाणू जोराने हलवून फोडले, भित्तिका वेगळ्या काढल्या आणि त्यांची रचना तपासली. ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूत पेप्टिडोग्लायकनचा, म्हणजे भित्तिकेला बळकटी देणाऱ्या जाळीदार पदार्थाचा, जाड थर असतो. ग्राम-निगेटिव्हमध्ये तो अगदी पातळ, आणि त्याच्या बाहेर मेदयुक्त पटल. १९८३ मध्ये बेव्हरिज आणि डेव्हिस या संशोधकांनी आयोडीनच्या जागी प्लॅटिनमचे संयुग वापरले. प्लॅटिनम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठळक दिसते, त्यामुळे रंग नेमका कुठे अडकतो हे थेट पाहता आले. व्हायोलेट आणि आयोडीन मिळून झालेला संयुक्त कण दोन्ही प्रकारच्या पेशींत शिरतो. अल्कोहोलने बाहेरचे पटल विरघळते आणि मागे उरलेल्या पातळ थराला रंग थोपवता येत नाही. जाड भित्तिका मात्र अल्कोहोलने निर्जल होऊन आकसते आणि रंग आतच राहतो.

स्मिअरसाठी, म्हणजे स्लाइडवर पसरायच्या जिवाणूंच्या पातळ थरासाठी, १८ ते २४ तासांचेच कल्चर (वाढवलेले जिवाणू) घ्या, असा शिक्षकांचा आग्रह असतो तो यामुळेच. जुन्या कल्चरमध्ये बॅसिलससारख्या जिवाणूंची भित्तिका झिजते, रंग निसटतो आणि अस्सल ग्राम-पॉझिटिव्ह पेशीही स्लाइडवर गुलाबी दिसतात.