होकार देणारं यंत्र आणि सुटकेचा सापळा

परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या मानसिक ताणावर एआय चॅटबॉट हा उपाय, अशा बातम्या हल्ली सारख्या येतात. अडचण खरी आहे. समुपदेशकाची वेळ लवकर मिळत नाही, घरचे झोपलेले असतात आणि कुठे नोंद झाली तर व्हिसाला धक्का लागेल ही धास्ती असते. चॅटबॉट मात्र पहाटे तीनलाही हजर.

पुरावा म्हणून ‘वोबॉट’ या मानसिक आधार देणाऱ्या चॅटबॉटची २०१७ची चाचणी दाखवतात. ७० तरुण, दोन आठवडे. नुसतं माहितीचं ई-पुस्तक मिळालेल्यांपेक्षा वोबॉट वापरणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं जास्त घटली. पण वोबॉटची वाक्यं माणसांनी आधीच लिहून ठेवलेली होती. आजचे चॅटबॉट वाक्य जागच्या जागी रचतात, आणि खरी गोम तिथेच आहे.

या चॅटबॉटमागचं भाषेचं मॉडेल, म्हणजे मजकुरावर शिकवलेली संगणक प्रणाली, आधी पुढचा शब्द ओळखायला शिकतं. मग एकाच प्रश्नाची दोन उत्तरं माणसांपुढे ठेवून विचारतात, कुठलं बरं? या पसंतीवरून दुसरं मॉडेल गुण द्यायला शिकतं आणि गुण वाढतील अशा बेताने पहिल्या मॉडेलमधले अब्जावधी आकडे थोडे थोडे सरकवले जातात. आपल्याला दुजोरा देणारं उत्तर माणसाला आवडतं, म्हणून दुजोऱ्याला गुण पडतात. एप्रिल २०२५ मध्ये एका बदलानंतर चॅटजीपीटीमागचं जीपीटी-४ओ हे मॉडेल इतकं खुशामतखोर झालं की ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीला तो बदल मागे घ्यावा लागला.

आता दुसरी बाजू. मुलगी विचारते, ‘सेमिनारमध्ये माझ्या उच्चारांना हसले असतील का?’ उत्तर येतं, ‘असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तू छान बोलतेस.’ धडधड थांबते. सुटका मिळाली की मेंदू तीच कृती पुन्हा करायला शिकतो. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. थोड्या वेळाने तोच प्रश्न, नव्या शब्दांत. यंत्राला गुण खूश करण्याचे, तिला बक्षीस सुटकेचं. दोन्ही चक्रं एकमेकांत अडकतात. थेरपिस्ट नेमकं उलट करतो: धीर देणं आवरतं घेतो आणि पुढच्या सेमिनारमध्ये एक प्रश्न विचारून काय होतं ते पाहायला सांगतो.

‘याला माझं मन कळतं’ हा भास तर १९६६ साली, आपलंच वाक्य फिरवून प्रश्न करणाऱ्या ‘एलायझा’ या साध्या संगणक प्रोग्रॅमनेही दिला होता. हात पाहणारेही तोच देतात.

प्राध्यापकांशी बोलण्याची तालीम, समुपदेशन केंद्राला पहिला ईमेल, एवढ्यापुरता चॅटबॉट जरूर वापरावा. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र त्या देशाची आपत्कालीन हेल्पलाइन किंवा शेजारच्या खोलीचं दार, पहाटेचे तीन वाजले असले तरी.