शेल गॅससाठी जमीन : ‘संपादना’च्या तीन वाटा

ठाणे-उरण पट्ट्याखाली बेसाल्टचा काळा कातळ. शेल गॅस म्हणजे शेल या चिकणमातीच्या थरदार खडकात अडकलेला नैसर्गिक वायू; त्यासाठी इथे कुणी जमीन मागायला येण्याची शक्यता नाहीच म्हणा. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीला तो वायू २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला मिळाला. पुढे २०१३ च्या धोरणाने सरकारी कंपन्यांना आपापल्या क्षेत्रांत शोधाची मुभा दिली आणि गुजरातेत खंबातच्या खोऱ्यातही विहिरी झाल्या. पण अशा कामासाठी जमीन नेमकी कशी घेतली जाते, हे समजायला आपल्याकडचा इतिहास पुरेसा आहे.

आपल्या आगरी-कोळी गावांत संपादन म्हणजे १९७०. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घ्यायचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरातल्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. ही पहिली वाट : जमीन कायमची जाते.

दुसरी वाट त्याच १८९४ च्या कायद्यात होती, कलम ३५ : पडीक किंवा शेतजमिनीचा तात्पुरता ताबा, जास्तीत जास्त तीन वर्षे. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात तेच कलम ८१ झाले. शोधविहिरीला हे सोयीचे, कारण विहीर कोरडी निघाली तर कंपनीला जमीन नकोच असते. मुदत संपल्यावर नुकसानीची भरपाई द्यावी लागते, आणि जमीन कायमची निकामी झाली असेल तर ‘आता संपादनच करा’ असे मालक म्हणू शकतो. घोळ होतो तो मातीत. वरचा सुपीक थर वेगळा साठवला नाही, तर यंत्रांखाली दबलेल्या जमिनीत पुढची काही वर्षे भाताचे पीक धड येत नाही. ताबा देण्याआधीच्या पंचनाम्यात बांध, झाडे, पाण्याची वाट नोंदवलेली नसेल, तर नुकसान सिद्ध कशाने करणार?

तिसरी वाट वायुवाहिनीची, पेट्रोलियम व खनिज वाहिन्यांच्या १९६२ च्या कायद्याची. मालकी शेतकऱ्याकडेच राहते, सरकार घेते तो फक्त वापरहक्क. कलम ३ ची अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस मिळतात, मग कलम ६ ची घोषणा. भरपाई म्हणजे प्रत्यक्ष नुकसान आणि वर अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के. वाहिनी किमान एक मीटर खोल हवी, राहत्या घराखालून नेता येत नाही. त्या पट्ट्यात नंतर घर, विहीर, तळे, झाड मात्र चालत नाही. पुढे ती जमीन घेणारा फसतो तो इथेच, सातबारावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना न वाचल्याने.

अमेरिकेत जमिनीखालचा वायू बहुतेकदा जमीनमालकाचा असतो, म्हणून कंपनी त्याच्याशी करार करून रॉयल्टी देते. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम ४८ ने खनिजे शासनाची आहेत. खाली वायू असला म्हणून शेताचा दर चढत नाही. मोल मिळते ते पृष्ठभागाचे. तेही सातबारावर नाव असलेल्यालाच. आजोबांच्या नावावरची वारसनोंद राहिली असेल, पोटहिस्स्याची मोजणी झाली नसेल, तर भरपाईचा निवाडा होऊनही पैसे अडकून पडतात.

म्हणून नोटीस हाती आली की रकमेआधी पाहायचे ते कायद्याचे वर्ष आणि कलम.